गँडर ते फोर्ट मॅकमरी

१८ जानेवारी, रविवार

विनी बुधवारी पहाटे गेली. काल दुपारी दोनला चर्चमध्ये प्रार्थना झाली. नंतर शवपेटी टेकडीवरच्या दगडी कोठीत ठेवली. जमीन फार खोलवर गोठलेली आहे, त्यामुळे हिवाळ्यात गेलेली माणसं मे महिन्यापर्यंत तिथेच असतात. यंदा विनी तिसरी.

आमचा मुलगा क्लेटन वेळेवर पोहोचला नाही. तो मंगळवारीच देशाच्या पार पश्चिमेकडून, फोर्ट मॅकमरीच्या खाणीवरून निघाला होता, नेहमीच्या सुट्टीवर. आईला इस्पितळात हलवलंय हे त्याला टोरांटोत कळलं, ती गेली हे हॅलिफॅक्समध्ये. तिथे वादळामुळे विमानतळ बंद होता. काल सकाळी त्याचा फोन आला. "बाबा, आज विमान सुटणार म्हणतात. चारपर्यंत घरी येतो. तोवर थांबवा." मी गँडरचं, म्हणजे आमच्या बेटावरच्या जवळच्या विमानतळाचं, हवामान बघितलं. ढग फार खाली होते आणि वारा आडवा होता. तीस वर्षं मी तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाचं काम केलं. विमान सुटलं तरी गँडरला उतरणार नाही, असा माझा अंदाज होता. पाद्रीबाईंना संध्याकाळी दुसऱ्या गावात उपासना होती. पुन्हा बर्फ येणार होता, म्हणजे टेकडीचा रस्ता बंद झाला असता. लोक लांबून आले होते. मी थांबलो नाही.

विमान उतरलं. आम्ही कोठीला कुलूप लावून खाली येत होतो, तेव्हा क्लेटन टेकडीच्या पायथ्याशी गाडीतून उतरत होता. म्हणाला, "उघडता येणार नाही का?" किल्ली पाद्रीबाईंकडे होती आणि त्या निघून गेल्या होत्या. मी तसं सांगितलं.

अंदाज चुकीचा नव्हता. ढग अर्धा तास वर गेले, तेवढ्यात विमान उतरलं. असं होतं कधीकधी.

कामावर असताना प्रत्येक पाळीची नोंद लिहायचो. निवृत्त झाल्यावर सोडलं. आता पुन्हा सुरू करतोय, कारण संध्याकाळी बोलायला कोणी नाही.

२० जानेवारी

काल क्लेटनला गँडरला सोडलं. तासाभराचा रस्ता. मी म्हटलं, रस्ता छान साफ केलाय यंदा. तो हो म्हणाला. विमानतळावर त्याने बॅग घेतली आणि म्हणाला, "येतो." मी म्हटलं, पोहोचलास की कळव. त्याने कळवलं. एक शब्द होता, "पोहोचलो."

विनीचा चष्मा खिडकीत आहे. हलवला नाही.

२९ जानेवारी

रात्रभर बर्फ. सकाळी फावडं घेऊन टेकडीवर गेलो आणि कोठीच्या दारासमोरचा बर्फ काढला. काढायलाच हवा असं काही नाही, मेपर्यंत ते दार कोणी उघडणार नाही. पण दार अर्ध्यापर्यंत गाडलं गेलं होतं.

शेजारच्या ब्लँच फेल्टमने खारवलेल्या मांसाचं आणि कोबीचं जेवण आणून दिलं. तिचा नवरा लेस्टर क्लेटनच्याच खाणीच्या तळावर आहे, दोघं एकाच पाळीत. ती म्हणाली, "काका, डबा परत देताना धुतला नाहीत तरी चालेल, पण खा. विनीकाकू वरून बघतेय आणि तिला माझाच राग येईल." मी अर्धं खाल्लं, अर्धं उद्याला ठेवलं.

४ फेब्रुवारी

लेस्टर सुट्टीवर आला. क्लेटन आला नाही. त्याचा निरोप आला की विमानं नीट जोडून मिळत नव्हती. मी बघितलं. मिळत होती. लेस्टर त्याच विमानांनी आला. पण क्लेटनने बहुतेक दुसऱ्या दिवसाची बघितली असावीत.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी करण्यासारखं काही नव्हतं म्हणून गँडर ते फोर्ट मॅकमरी अंतर काढलं. पृथ्वीच्या गोलावरून सरळ रेषेत दोन हजार चव्वेचाळीस सागरी मैल. मग सहज गँडर ते लंडन काढलं. दोन हजार छत्तीस. आठ मैलांचा फरक! दोनदा तपासलं. विनीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरं मग?"

नोकरीत असताना रोज रात्री शेकडो विमानं मी पूर्वेला पाठवली. समुद्रावर रडार नव्हतं. वैमानिक रेडिओवरून जागा कळवायचे, आम्ही कागदाच्या पट्टीवर लिहायचो आणि पुढच्या ठिकाणाची वेळ काढायचो. लंडन मला कायम जवळ वाटायचं. फोर्ट मॅकमरी मुलगा तिथे जाईपर्यंत ऐकलंही नव्हतं. दोन्ही तेवढ्याच अंतरावर आहेत हे आज कळलं.

सरळ रेषा लॅब्राडॉर आणि हडसनच्या उपसागरावरून जाते. विमान असतं तर येताना वारा पाठीशी, चार तासांत आला असता. पण त्या रेषेवरून कोणी जात नाही. आधी खाली टोरांटो, मग हॅलिफॅक्स, मग पुन्हा वर गँडर. दोन्हीकडची वाट बघणं धरलं तर दिवस आणि रात्र जाते. शिवाय आपलं घड्याळ त्यांच्यापुढे साडेतीन तास, म्हणजे ते तास येताना कुठेच जात नाहीत, नुसते हरवतात. त्याला कंटाळा येत असणार. त्याचं बरोबर आहे.

२० फेब्रुवारी

क्लेटनला फोन केला. फोन नेहमी विनी करायची, मी शेवटी दोन मिनिटं बोलायचो. दुपारी बारा वाजता केला, म्हणजे तिथे साडेआठ. न्याहारी झालेली असेल, अशी वेळ बघून केला. खूप वेळाने उचलला.

"काय झालं?"

"काही नाही. तू कसा आहेस?"

"बाबा, काही झालंय का?"

"नाही. इथे हवा बरी आहे."

"मग... नंतर बोलू या का?"

मी हो म्हटलं. आवाज जड होता. माझ्यावर रागावलाय असं वाटलं.

५ मार्च

पुन्हा बाराला केला. उचलला नाही. नंतरही फोन आला नाही.

गेल्या आठवड्यात त्याची सुट्टी होती. एडमंटनला मित्राकडे राहिला, असं लेस्टरकडून कळलं.

१३ मार्च

मोठं वादळ. टेकडीवर दोन दिवस जाता आलं नाही. आज गेलो. गस पिकेट यंत्राने रस्ता साफ करत होता. दफनभूमीचं खोदकामही तोच करतो. यंत्र थांबवून ओरडला, "काका, तिकडे काय काढताय? विनीकाकू काय बाहेर येऊन दूध आणायला जाणार आहे का?" मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं, कारण उतरला आणि दहा मिनिटं माझ्याबरोबर फावडं मारलं. जाताना म्हणाला, "बिजागरीला तेल लागेल. मेमध्ये आणतो."

क्लेटनला फोन केला. उचलला, पण म्हणाला, "बाबा, आत्ता नको." एवढंच.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

आज एक गोष्ट कळली.

ब्लँच खारा मासा आणि भिजवलेली कडक बिस्किटं घेऊन आली होती. ती ताटं काढत होती, तेवढ्यात मी क्लेटनला सणाचा फोन केला. बारा वाजले होते. तो म्हणाला, "बाबा, प्लीज," आणि ठेवला. ब्लँचने विचारलं, "कोण होतं?"

"क्लेटन."

"आत्ता? अहो काका, लेस्टरचं डोकं आत्ता कुठे उशीला लागलंय!"

"तिथे साडेआठ वाजलेत."

"वाजू देत ना! सात दिवस दिवसपाळी, सात दिवस रात्रपाळी, मग सुट्टी. आत्ता रात्रपाळी चालू आहे. सकाळी सातला सुटतात, जेवतात, साडेआठला आडवे होतात. दिवसपाळीला असतील तर बाराला ते खाणीत, तिथे फोन नेऊ देत नाहीत. तुम्ही रोज बारालाच करता की काय?"

"केला की बारालाच," मी म्हटलं.

"अरे देवा," ब्लँच म्हणाली. "आणि तो बिचारा प्रत्येक वेळी दचकून उठत असेल. घरून भलत्या वेळी फोन आला की माणसाला वाईटच सुचतं. त्यात जानेवारीत..." तिने मासा वाढला. मग म्हणाली, "विनीकाकू रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातला करायची. तिथे चार. ते उठून कॉफी पीत असतात. आणि दिवसपाळीला सकाळी साडेआठला, तिथे पाच, निघायच्या आधी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी स्वतः तीस वर्षं पाळ्या केल्या. मी दिवसा झोपलेला असताना विनी फोन पावाच्या डब्यात ठेवून वर टॉवेल टाकायची. अंतर आणि वेळ काढायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती, तरीही हे डोक्यात आलं नाही.

६ एप्रिल

संध्याकाळी साडेसातला फोन केला. लगेच उचलला. आवाज वेगळा होता. दहा मिनिटं बोललो. तळाजवळ अस्वल आलं होतं म्हणे, स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर. स्वयंपाकी त्याला पावरोटी टाकून पळाला आणि आता सगळे त्याला चिडवतात. मी म्हटलं, मी भलत्या वेळी फोन करत होतो, ब्लँचने सांगितलं. तो म्हणाला, "चालायचंच."

मग विचारलं, "कोठीकडे जाता का कधी?"

"बर्फ पडला की जातो. दारासमोरचा काढतो."

"दर वेळी?"

"हो."

पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आवरायचंय मला, बस येईल."

मला वाटलं, उद्या सुट्टी सुरू होते, या वेळी येईल. विचारलं नाही.

९ एप्रिल

आला नाही. लेस्टर आला. ब्लँचच्या दारात त्याची गाडी उभी आहे.

२८ एप्रिल

पाद्रीबाई मॅरियन हेफर्ड यांचा फोन आला. जमीन वितळून मऊ झाली आहे. शनिवारी सोळा मेला कोठीतल्या चौघांचंही दफन. मार्चमध्ये एक वाढलं. गस त्या दिवशी यंत्र आणेल. त्यानंतर तो दुसऱ्या खाडीत रस्त्याच्या कामावर जाणार आहे. उकाडा वाढायच्या आत कोठी रिकामी व्हायलाच हवी.

हिशेब केला. सोळाला क्लेटनची रात्रपाळी. सुट्टी एकोणीसला सुरू.

३० एप्रिल

क्लेटनची सुट्टी चालू आहे. तो एडमंटनला. संध्याकाळी फोन केला आणि तारीख सांगितली.

"सोळाला मी रात्रपाळीत आहे."

"हो, मी बघितलं ते."

"आईसाठीची रजा त्याच आठवड्यात धरतात, ती जानेवारीत गेली. हॅलिफॅक्सच्या विमानतळावर."

"पाळी बदलून मिळेल का कुणाशी?"

"नाही मिळणार." मग म्हणाला, "तुम्ही उरकून घ्या, बाबा. गेल्या वेळी घेतलंच होतं."

त्याने आवाज चढवला नाही. मी बरं म्हटलं. त्यानंतर हवेबद्दल बोललो. इथे खाडीच्या तोंडाशी एक मोठा हिमनग येऊन थांबलाय, लोक फोटो काढायला येतात, ते सांगितलं.

१ मे

ब्लँच आली. मी तिला सोळा तारखेचं सांगितलं आणि क्लेटन येणार नाही हेही.

"आणि तुम्ही बरं म्हणालात?"

"त्याची पाळी आहे."

"काका, मला एक सांगा. जानेवारीत दोन तास थांबायला काय झालं होतं तुम्हाला? पाद्रीबाईंच्या हातापाया पडून मी त्यांना तयार केलं असतं, तुम्ही एकदा बोलला असतात तर."

मी तिला हवामान सांगितलं. ढगांची उंची सांगितली. एका विमानासाठी बाकी सगळी थांबवता येत नाहीत, हे सांगितलं.

"पोरगा आहे तो! आयर्लंडला चाललेलं विमान नाही, की आलं तर आलं, नाहीतर पुढचं घ्या!"

तिने टेबल पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. पुसता पुसता तिने विचारलं, "आणि समजा समुद्रावर एखाद्या विमानाचा पत्ताच लागला नाही. बोलतच नाही. मग काय करता तुम्ही? पट्टी फाडून टाकता?"

मी म्हटलं, नाही, उलटंच असतं. बोलणं बंद झालं की ते ठरल्या मार्गाने, ठरल्या उंचीवर येतंय असंच धरायचं. त्याची जागा राखून ठेवायची. दुसऱ्या कोणाला तिथे पाठवायचं नाही, बाकीच्यांची कितीही गर्दी झाली तरी. एकदा एक मालवाहू विमान तसं गप्प झालं होतं. रेडिओ बिघडला होता. आम्ही त्याची उंची पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत रिकामी ठेवली. सगळ्या कंपन्यांनी आरडाओरडा केला. शेवटी ते ठरल्या ठिकाणी नीट उतरलं.

ब्लँचने फडकं धुवून वाळत टाकलं आणि गेली. तिला ते समजलं की नाही, कळलं नाही.

२ मे, शनिवार

झोप लागली नाही. सकाळी पाद्रीबाईंकडे गेलो. त्या अंगणात गाजरांचे वाफे करत होत्या. मी म्हटलं, विनीचं दफन सोळाला नको. वीसला करा, बुधवारी.

"एल्ड्रेड, बाकी तिन्ही घरं सोळाला येताहेत. गसचं यंत्रही त्याच दिवशी आहे."

"त्यांचं होऊ दे. विनीची जागा ठेवा फक्त."

"क्लेटन येतोय का?"

"सांगितलं नाही त्याने."

त्या हात झटकत उठल्या. "जानेवारीत तुम्ही मला दोन वाजताची घंटा पाच मिनिटं उशिरा वाजवू दिली नव्हती. आठवतं ना?"

"हो."

"वीसपर्यंत ठेवते. त्यापुढे मला ठेवता येणार नाही, ते तुम्हालाही माहीत आहे."

मी आभार मानले. एवढी मोठी गोष्ट मी कधी कोणाकडे मागितली नव्हती.

मग गसकडे गेलो. त्याला म्हटलं, खड्डा शनिवारीच कर, पण विनीचा उघडा राहू दे.

"चार दिवस उघडा? कुणाची मेंढी पडेल आत."

"मी फळ्या टाकतो वर."

"आणि बुधवारी मी नाहीये. भरणार कोण?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि क्लेटन."

"येतोय तो?"

"माहीत नाही."

गसने टोपी काढून डोकं खाजवलं. "काका, ओली माती आहे. एकट्याच्या अंगावर काम पडलं तर दोन दिवस लागतील तुम्हाला." मग म्हणाला, "फावडी ठेवून जातो. दोन."

७ मे

दिवसपाळी. सकाळी साडेआठला फोन केला. तो बूट घालत होता.

"आईचं वीसला ठेवलंय," मी म्हटलं.

"सोळाला होतं ना?"

"बाकीच्यांचं सोळाला. तिचं वीसला, अकरा वाजता."

"पाद्रीबाई कशा तयार झाल्या?"

"विचारलं त्यांना."

"तुम्ही?"

"हो."

मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं. तो म्हणाला, "एकोणीसला सकाळी सुटतो. रात्री हॅलिफॅक्स. वीसच्या सकाळचं विमान. मेमध्ये गँडरला धुकं असतं, बाबा."

"असतं."

"मग?"

"मग थांबू."

"बघतो," म्हणाला.

१६ मे, शनिवार

तिघांचं दफन झालं. गस आणि त्याचा भाऊ सकाळपासून होते. विनीचा खड्डा डावीकडे, कुंपणाजवळ. मी फळ्या टाकल्या आणि वर दगड ठेवले. लोक माझ्याकडे बघत होते. वयस्कर मिसेस ब्लॅकवूड म्हणाल्या, "विनीला बाकीच्यांबरोबर का नाही दिली जागा?" मी म्हटलं, दिली आहे, ही काय.

गसने बिजागऱ्यांना तेल दिलं. कोठीत आता ती एकटी आहे.

१९ मे

ब्लँचकडून कळलं की दोघंही निघाले. क्लेटनने मला कळवलेलं नाही. हवामान बघितलं. उद्या पहाटेपासून समुद्रावरून धुकं. मी संगणक बंद केला आणि बाहेर जाऊन सरपण रचलं.

२१ मे

काल लिहिता आलं नाही.

सकाळी उठलो तेव्हा खाडी दिसत नव्हती. दहाला टेकडीवर गेलो. सहा जणांनी पेटी कोठीतून आणून खड्ड्याशेजारी फळ्यांवर ठेवली. बरेच लोक आले होते. पाद्रीबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी थांबा म्हटलं.

साडेअकराला ब्लँचला लेस्टरचा फोन आला. विमान गँडरवर आलं, दोन घिरट्या घातल्या, उतरता आलं नाही. बेटाच्या पार पश्चिमेला डीअर लेकला नेऊन उतरवलं. दोघं गाडी भाड्याने घेऊन निघत होते.

ब्लँच म्हणाली, "काका, डीअर लेक म्हणजे..."

"माहीत आहे."

"चार तास तरी."

"थांबू या."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. गसचा भाऊ म्हणाला, "काका, तुम्हाला तर वेळेचं सगळं कळतं. नक्की किती वाजतील? म्हणजे तेवढं घरी जाऊन येऊ."

मी म्हटलं, "माहीत नाही. ज्यांना जायचं त्यांनी जा, कोणाला वाईट वाटणार नाही."

काही जण गेले. पाद्रीबाई म्हणाल्या, मला तीनला एका आजारी माणसाकडे जायचंय, प्रार्थना तेवढी आत्ता करू का? पेटी नंतर उतरवा. मी म्हटलं, प्रार्थनाही तेव्हाच. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "जाऊन येते." ब्लँचने तिच्या गाडीतून ताडपत्री आणून पेटीवर घातली, कारण धुक्याचं पाणी पडायला लागलं होतं. तिने मला गाडीत बसवून सूप दिलं. मिसेस ब्लॅकवूड छत्री घेऊन बसून राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या घरी तरी कोण वाट बघतंय. आणि विनीने माझ्यासाठी यापेक्षा जास्त वेळ काढलाय."

दुपारी एकदा मला वाटलं, मी वेडेपणा करतोय. लोक भिजताहेत, पेटी उघड्यावर आहे. सांबरासारखा मोठा मूस रस्त्यावर आला तर गाडी आज पोहोचणारही नाही. मी उठून ब्लँचला सांगायला गेलो की आता उतरवू या. ती पाठमोरी होती, लेस्टरशी फोनवर बोलत होती. म्हणत होती, "नाही, अजून नाही. नाही म्हणजे नाही, काका इथेच आहेत. तू त्याला सांगू नकोस, तो घाई करायला लावेल. नुसता गाडी चालव." मी परत येऊन बसलो.

पाद्रीबाई पाचच्या आधी आल्या. गेलेले लोकही परत आले, गेले होते त्यापेक्षा जास्तच. क्लेटन आणि लेस्टर साडेपाचच्या सुमारास आले. क्लेटन कामाच्याच बुटांत होता. दोन रात्री झोपला नसावा. फाटकातून आत आला आणि लोक बघून उभा राहिला. मग ताडपत्री बघितली.

"अजून?" तो म्हणाला.

"हो."

पाद्रीबाईंनी प्रार्थना केली. जानेवारीतली पूर्ण प्रार्थना त्यांनी पुन्हा केली. मी तसं सांगितलं नव्हतं. कापडी पट्ट्यांवर पेटी उतरवताना डोक्याकडची पट्टी क्लेटनने धरली. मग लोक एकेक करून गेले. ब्लँच लेस्टरला ओढत घेऊन गेली. तो म्हणत होता, मदत करतो ना, तिघं असलो तर लवकर होईल. ती म्हणाली, "तुला बोलावलंय का कोणी?"

आम्ही फावडी घेतली.

"तुम्ही सकाळपासून इथे?" क्लेटनने विचारलं.

"मधे गाडीत बसलो होतो. सूप प्यालो."

"मला वाटलं उरकलं असेल. घिरट्या घातल्या तेव्हाच वाटलं. लेस्टर म्हणाला, हळू जाऊ, मूस असतात. मी म्हटलं, जा कसाही, आता काय घाई आहे." तो थांबला. "तुम्ही मला सांगितलं का नाहीत, थांबलोय म्हणून?"

"मी म्हटलं होतं ना, मग थांबू."

"मला ते खरं वाटलं नव्हतं, बाबा."

मी माती उचलून खाली टाकली. त्यात दगड होता, तो पेटीवर आपटला. दोघांनाही तो आवाज नको झाला. क्लेटन फावडं टाकून मातीच्या ढिगाजवळ गुडघ्यावर बसला आणि हाताने दगड वेचून बाजूला काढायला लागला.

"तुम्ही बसा," म्हणाला. "मी भरतो."

मी बसलो नाही. तो दगड काढत होता, मी नुसती माती टाकत होतो. पेटी झाकली गेल्यावर त्यानेही फावडं घेतलं. मग आम्ही दगडही टाकले. धुकं गेलं होतं आणि खाली खाडी दिसत होती. भरून झालं तेव्हा अजून उजेड होता.